जमिनीवर वाट चुकणाऱ्या विमानांविषयी : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास खुले पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली;
तसेच नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे व्यवस्थापन आणि तेथील हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष

विषय : विमान जमिनीवर चालवताना होणाऱ्या चुका आणि त्यांची चौकशी

महोदय,

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठली. त्या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. उद्घाटनाची तारीख ठरवताना कोणी मुहूर्त पाहिला होता की नाही, हे ठरवणारेच जाणोत. विमान वाहतुकीच्या इतिहासात मात्र ८ ऑक्टोबर ही तारीख चोवीस वर्षे आधीच नोंदली गेली होती, आणि ती ज्या कारणाने नोंदली गेली त्याचा आपल्या नव्या विमानतळाशी जवळचा संबंध आहे.

८ ऑक्टोबर २००१ रोजी सकाळी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. एका छोट्या सेस्ना जेट विमानाला नियंत्रकाने ‘आर-५’ या टॅक्सीवेने (टॅक्सीवे म्हणजे विमानाने जमिनीवर चालण्याची, टॅक्सी करण्याची वाट), उत्तरेकडून वळसा घालून, जाण्यास सांगितले. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि विमान ‘आर-६’वर घातले. ही दुसरी वाट थेट चालू धावपट्टीला छेदून जाणारी होती. सेस्ना धावपट्टीवर पोहोचले आणि त्याच क्षणी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८७ विमान कोपनहेगनसाठी उड्डाणाच्या वेगात तेथे आले. दोन्ही विमानांतील सगळे आणि मोठे विमान ज्या सामानघरावर जाऊन आदळले तेथील चार कामगार, असे ११८ जण मरण पावले. वैमानिकाने चुकीचे वळण घेतले यात शंका नाही, आणि बातमी तेवढ्यावर संपवता आली असती. चौकशीत त्यापुढचे बरेच काही निघाले. जमिनीवरील हालचाल दाखवणारे जुने रडार काढून टाकले होते आणि नवे सुरू झालेले नव्हते. टॅक्सीवेवरील खुणा, दिवे आणि पाट्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे नव्हत्या. सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की वाटेत वैमानिकाने आपण ‘एस-४’ या खुणेजवळ आल्याचे रेडिओवर सांगितले होते. डांबरावर ती खूण रंगवलेली होती, पण नियंत्रकाच्या नकाशावर ती नव्हती. आपण चुकलो आहोत हे सांगणारे शब्द वैमानिकाच्याच तोंडून निघाले, नियंत्रकाच्या कानावर पडले आणि नकाशात ती खूण नसल्यामुळे वाया गेले.

मला या पत्रात एकच मागणे मांडायचे आहे. नवी मुंबईत एखादे विमान जमिनीवर चुकीच्या वाटेला लागले, तर ‘वैमानिकाची चूक’ हे चौकशीचे पहिले वाक्य असावे. आपल्याकडे ते बहुधा शेवटचे असते.

मी वैमानिक नाही. माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात झाली आणि निवृत्तीनंतर नेरूळला राहतो. त्यामुळे हे लिहिण्याचा अधिकार कोणता, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर ठरणार नाही. पण ज्या खात्यात माणसाच्या एका चुकीने काय होऊ शकते याचाच विचार रोज करावा लागतो, त्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला विमानतळाची जमिनीवरील व्यवस्था पाहून काही प्रश्न पडणे साहजिक आहे. ठाण्याहून सुटलेली लोकल ऐरोलीकडे जाणार की कळव्याकडे, हे मोटरमन ठरवत नाही. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, म्हणजे पॉइंट, केबिनमधून लावले जातात, ते बरोबर लागून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि मोटरमनच्या हाती वेग व थांबणे एवढेच उरते. तेथेही तो चुकून लाल सिग्नल ओलांडून गेला, तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आहे. विमानाचे याच्या उलट आहे. आकाशात ज्याच्यावर रडारची अखंड नजर असते, त्या विमानाच्या वैमानिकाला जमिनीवर उतरल्यावर डांबराच्या जाळ्यातून, नकाशा पाहत आणि पाट्या वाचत, आपली वाट आपणच शोधावी लागते.

ही वाट शोधण्याची भाषा सगळ्या जगात एक आहे. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे पुढची वळणे सांगतात, काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे आपण कोठे आहोत ते सांगतात आणि लाल पाटीवरची पांढरी अक्षरे पुढे धावपट्टी असल्याची ताकीद देतात. टॅक्सीवेच्या मध्यरेषेचे दिवे हिरवे, कडेचे निळे. धावपट्टीच्या कडेचे पांढरे. भाषा सोपी आहे, पण ती वाचण्याची वेळ सोपी नसते. विमान पार्किंगच्या जागेवरून मागे ढकलले गेल्यापासून धावपट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत कॅप्टन विमान वळवत असतो, सहवैमानिक रेडिओवर बोलत असतो, याद्या वाचत असतो, पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांची तपासणी करत असतो. इंधन वाचवण्यासाठी एकाच इंजिनावर टॅक्सी करण्याची पद्धत असेल, तर दुसरे इंजिन याच वेळात सुरू करायचे असते. तेवढ्यात वारा फिरला म्हणून वापरातील धावपट्टीची दिशा बदलली, की संगणकात सगळे आकडे नव्याने भरावे लागतात. एकाची मान खाली संगणकात गेली, की बाहेर पाहणारे डोळे चाराचे दोन होतात. पाट्या बरोबर याच वेळी मागे पडत असतात. मोठ्या विमानांत तर स्वतःच्या पंखांची टोकेही कॉकपिटमधून दिसत नाहीत.

जमिनीवरील सर्वांत मोठ्या अपघाताची आठवण अशा चर्चेत नेहमी निघते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दोन जम्बो जेट विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणाची परवानगी नसताना वेग घेणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन सर्वांच्या लक्षात राहिला. दुसऱ्या विमानाची गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. पॅन अॅम या अमेरिकी कंपनीच्या त्या विमानाला धुक्यात धावपट्टीवरूनच चालत येऊन तिसऱ्या वळणाने बाहेर पडण्यास सांगितले होते, आणि ते वळण त्याने घेतले नाही. तांत्रिकदृष्ट्या ही वैमानिकाची चूक झाली. पण नकाशावर ते वळण पाहिले तर ते जवळजवळ उलटे, १४८ अंशांचे आहे, आणि पुढे पुन्हा तेवढेच वळायचे आहे. जम्बोसारख्या अवजड विमानाला ते साधणे जवळजवळ अशक्य होते, तर चौथे वळण सरळ आणि सोपे होते. सूचना देणाऱ्याने ते विमान वळेल का, याचा विचार केला नव्हता. बॉम्बच्या धमाक्यामुळे शेजारच्या बेटावरचा विमानतळ बंद झाला होता, तेथील विमाने या छोट्या विमानतळावर येऊन टॅक्सीवे अडवून उभी होती, म्हणून धावपट्टीचाच रस्ता करावा लागला होता. ही साखळी उलगडली म्हणूनच पुढे रेडिओवरील शब्दांचे नियम बदलले, आणि आज प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच नियंत्रक ‘टेक-ऑफ’ हा शब्द उच्चारतो. केएलएमच्या कॅप्टनच्या नावावर चूक टाकून चौकशी थांबली असती, तर हा नियम आला नसता.

आता आपल्याकडचे पाहू. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळची माणसे दूर झाली आहेत असे समजून वैमानिकांनी ते पुढे काढले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. ३ ऑगस्ट २०१८ रोजी रियाधहून मुंबईला येणाऱ्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानाने धावपट्टी समजून तिला समांतर असलेल्या टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी वेग घेतला आणि उड्डाण सोडून देताना ते डांबराबाहेर गेले. आतल्या १४९ जणांचे प्राण वाचले. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात इंडिगोच्या विमानाच्या पंखाचे टोक धावपट्टीवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला घासले. त्याच वर्षी ८ जूनला मुंबईत एक विमान धावपट्टीवरून उड्डाण करत असतानाच दुसरे तिच्यावर उतरले; त्या वेळी प्रश्न वैमानिकांचा नव्हता, नियंत्रणाचा होता. घटना वेगवेगळ्या आहेत, पण अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले वाक्य ठरलेले असते : संबंधित वैमानिकांना किंवा नियंत्रकाला कामावरून दूर करण्यात आले असून चौकशीचे आदेश दिले आहेत. ते दूर करणे काही वेळा आवश्यकही असते. धक्क्यातून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉकपिटमध्ये बसवू नये, हे बरोबरच आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या शांततेबद्दल आहे. मोठ्या अपघाताचा अहवाल विमान अपघात अन्वेषण ब्युरो प्रसिद्ध करते, पण विमान वाटेत चुकले, थांबायच्या रेषेपुढे गेले, कोणाला इजा झाली नाही आणि उड्डाण थोडे उशिरा झाले, अशा घटनेतून काय शिकलो हे प्रवाशांच्या, किंबहुना त्याच विमानतळावर काम करणाऱ्या खालच्या फळीतील माणसांच्याही कानावर क्वचितच येते.

मी वैमानिकांची वकिली करत नाही. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे पहाटेच्या अंधारात कॉमएअरच्या विमानाने २२ क्रमांकाच्या ७,००३ फुटांच्या धावपट्टीऐवजी २६ क्रमांकाच्या ३,५०० फुटांच्या धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न केला. पन्नासपैकी एकटा सहवैमानिक वाचला. टॅक्सी करताना दोघे वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होते, जे नियमाने स्पष्टपणे मना आहे. समोरच्या धावपट्टीवर दिवे नाहीत हे त्यांच्या बोलण्यातही आले, पण कंपासकडे पाहून धावपट्टीचा क्रमांक पडताळण्याचे सुचले नाही. अशा निष्काळजीपणाला शिक्षा हवीच, आणि कोणतीही पाटी किंवा दिवा त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही त्या चौकशीने तेथे पूर्णविराम दिला नाही. दुरुस्तीनंतर त्या विमानतळावर टॅक्सीवेची रचना काही दिवसांपूर्वीच बदलली होती आणि वैमानिकांच्या हातातला नकाशा जुन्या रचनेचा होता. टॉवरमध्ये एकच नियंत्रक होता आणि विमानाला परवानगी दिल्यावर तो पाठ वळवून कागदी कामाला लागला होता. दोन माणसांच्या गप्पा उघड झाल्यावरही चौकशी करणाऱ्यांनी नकाशा मागवून पाहिला, याचे मला अधिक महत्त्व वाटते.

नवी मुंबईच्या बाबतीत हा नकाशाचा मुद्दा मला सर्वांत तातडीचा वाटतो. आज तेथे ३,७०० मीटरची एक धावपट्टी आहे. दुसरी समांतर धावपट्टी आणि आणखी टर्मिनल इमारती बांधायच्या आहेत. म्हणजे पुढची कित्येक वर्षे हा विमानतळ एकाच वेळी चालू विमानतळ आणि चालू बांधकाम असा दोन्ही असणार. टॅक्सीवेचे तुकडे उघडतील, बंद होतील, नवी नावे येतील, जुन्या रेषा खरवडून काढल्या जातील. वैमानिकांचे नकाशे २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलतात आणि मधल्या काळातील बदल ‘नोटॅम’ या सूचनांतून कळवले जातात. ठेकेदाराचे काम मात्र कोणत्याही चक्राने चालत नाही. काँक्रीट सुकले की जागा उघडायची आणि पाऊस आला की बंद करायची, ही आपल्याकडची रीत आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेईत वादळी पावसाच्या रात्री सिंगापूर एअरलाइन्सच्या जम्बो विमानाने चालू धावपट्टीच्या अलीकडची, बांधकामासाठी बंद असलेली समांतर धावपट्टी धरली आणि ते तेथील यंत्रांवर व काँक्रीटच्या अडथळ्यांवर जाऊन आदळले. १७९ जणांपैकी ८३ गेले. ती धावपट्टी बंद असल्याचे नोटॅम वैमानिकांनी वाचले होते. पण बंद धावपट्टीच्या तोंडाशी अडसर नव्हता, तिच्याकडे वळवणारे हिरवे दिवे दाट आणि ठळक होते, आणि खऱ्या वाटेवरचे दिवे विरळ होते, त्यातलाही एक बंद. तैवान आणि सिंगापूर यांच्यात दोष कोणाचा यावर नंतर बराच वाद झाला. आपल्याला त्या वादाचा निवाडा करण्याची गरज नाही. माझी विनंती एवढीच की नवा टॅक्सीवे उघडण्याची तारीख ठेकेदाराने नव्हे तर नकाशाने ठरवावी. कॉकपिटमधल्या नकाशात जो तुकडा आलेला नाही, त्यावर विमान नेऊ नये. आणि जो तुकडा बंद आहे त्याच्या तोंडाशी कागदी सूचनेबरोबर रात्री दिसेल असा अडसर उभा असावा आणि त्याकडे नेणारे हिरवे दिवे विझवलेले असावेत.

आता लाल दिव्यांबद्दल थोडे लिहितो, कारण ते माझ्या जुन्या व्यवसायाच्या जवळचे आहे. धावपट्टीवर शिरण्याच्या जागी जमिनीत आडव्या ओळीने बसवलेले लाल दिवे असतात, त्यांना स्टॉप बार म्हणतात. ते लागलेले असताना रेडिओवर परवानगी मिळाली तरी वैमानिकाने ते ओलांडायचे नसतात. पुष्कळ विमानतळांवर मात्र ते धुक्यात किंवा कमी प्रकाशातच वापरले जातात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, नोतो भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले जपानी तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर गेले आणि उतरत असलेले जपान एअरलाइन्सचे ए-३५० त्यावर आदळले. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. ए-३५० पूर्ण जळाले, पण आतल्या सगळ्या ३७९ जणांना वेळेत बाहेर काढता आले. तटरक्षक विमानाला थांबण्याच्या जागेपर्यंतच यायला सांगितले होते आणि तुमचा क्रमांक पहिला आहे असेही सांगितले होते. कॅप्टनने त्याचा अर्थ धावपट्टीवर जाण्याची मुभा असा घेतला. टॉवरमधील पडद्यावर धावपट्टीवर कोणी शिरल्याची सूचना उमटली, ती नियंत्रकाच्या लक्षात आली नाही. आणि स्टॉप बारचे दिवे त्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद होते. हवा स्वच्छ होती. आपल्याकडे मिलानसारखे धुके पडत नाही, असे जे म्हणतील त्यांनी हानेदा, लेक्सिंग्टन आणि रियाध या तिन्ही ठिकाणी धुके नव्हते हे ध्यानात घ्यावे. म्हणून नवी मुंबईत हे दिवे चोवीस तास, हवा कशीही असो, वापरात असावेत आणि ते नादुरुस्त असतील तर त्या वाटेने धावपट्टीवर प्रवेशच देऊ नये, असा स्थानिक नियम करावा. लाल सिग्नल फक्त पावसात पाळायचा, असे आम्ही कोणत्याही मोटरमनला कधी सांगितले नसते. लंडनचे हीथ्रो, सिंगापूरचे चांगी आणि सोलचे इंचॉन येथे तर वैमानिकासमोर त्याच्याच वाटेचे हिरवे दिवे पुढे पुढे उजळत जातात आणि त्याने फक्त त्यांच्यामागून जायचे असते. ही व्यवस्था दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यातच असावी; नंतर डांबर फोडून दिवे बसवणे किती महाग आणि किती अडचणीचे, हे रेल्वेत पुरेसे पाहिले आहे.

येता पावसाळा हा चालू उड्डाणांसह या विमानतळाचा पहिला पावसाळा असेल. पनवेलच्या खाडीकाठचा जुलैतला पाऊस कसा असतो हे दिल्लीतील कार्यालयात बसून कळणे अवघड आहे. ओल्या डांबरावर रात्री रंगवलेली पिवळी रेषा दिव्यांच्या चकाकीत नाहीशी होते, आणि भोवतालच्या वसाहतींचे व रस्त्यांचे दिवे काचेवरच्या पाण्यातून विमानतळाच्या दिव्यांत मिसळून दिसतात. जूनपूर्वी एखाद्या रात्री नियंत्रक, विमानतळाचे अभियंते आणि काही वैमानिक यांनी एकत्र बसून, कॉकपिटच्या उंचीवरून, प्रत्येक वळण डोळ्यांनी पाहावे. आमच्याकडे सिग्नल ओलांडला गेला की चालकाच्या जबाबाबरोबरच तो सिग्नल किती अंतरावरून दिसतो, मध्ये झाड वाढले आहे का, त्या वेळी ऊन समोरून होते का, हे जागेवर जाऊन पाहिले जाई. येथे ते घटनेच्या आधी करता येईल.

धावपट्टीच्या आसपास विमानांपेक्षा गाड्या जास्त फिरतात, हेही विसरू नये. मे २०२४ मध्ये पुण्यात दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान टॅक्सी करताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला धडकले. नवी मुंबईत असे ट्रॅक्टर, पाण्याच्या आणि इंधनाच्या गाड्या चालवणारे पुष्कळजण याच परिसरातील, काही तर ज्यांची गावे या विमानतळासाठी उठली त्या घरांतील तरुण आहेत. त्यांना पाट्यांचे रंग, थांबण्याच्या रेषा, कोणत्या विमानाला कधी वाट द्यायची, याचे शिक्षण मराठीतून मिळाले पाहिजे. परीक्षेचा कागद इंग्रजीत ठेवून पाठ करून घेतलेले उत्तर अडचणीच्या क्षणी आठवत नाही. रेडिओवरचे ठरावीक शब्द इंग्रजीत राहतील, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. पण त्या शब्दांचा अर्थ मात्र ज्या भाषेत माणूस विचार करतो तीतच पक्का होतो.

आता थकव्याविषयी. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम आपणच केले, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घातली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा दुसरा टप्पा लागू केला. डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीने हजारो उड्डाणे रद्द केली आणि तिला त्याच नियमांतून काही काळ सूट मिळाली. प्रवाशांचे हाल थांबवण्यासाठी दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणता येईल. मग त्या सवलतीच्या काळात देशभरात जमिनीवर किती विमाने वाट चुकली, थांबण्याच्या रेषा ओलांडल्या गेल्या का, हेही जाहीर करणे आपले कर्तव्य ठरते. पहाटे चार वाजता चुकीचे वळण घेणाऱ्या वैमानिकाला जाब विचारताना, त्याची ती कितवी रात्र होती हा प्रश्न त्याच कागदावर असला पाहिजे.

हे सगळे बाहेर यायचे तर चुकणाऱ्या माणसाने ते सांगितले पाहिजे, आणि सांगितल्यावर त्याची नोकरी जाणार असेल तर तो सांगणार नाही. अमेरिकेत १९७६ पासून चालू असलेल्या व्यवस्थेत वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ आपली किंवा दुसऱ्याची चूक नासा या संस्थेकडे कळवतात. ते काम मुद्दाम नियामकाकडे ठेवलेले नाही. नासा नावे काढून टाकते, आणि चूक हेतुपुरस्सर नसेल व दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळू शकते. आपल्याकडेही स्वेच्छेने माहिती देण्याची सोय कागदावर आहे. पण ती माहिती ज्याच्याकडे जाते तोच परवाना निलंबित करणाराही असेल, तर तिच्यात काय येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नवी मुंबईपुरता तरी हा प्रयोग करता येईल. अशा नोंदी घेण्याचे काम एखाद्या सरकारी अभियांत्रिकी संस्थेकडे द्यावे, गप्पा मारत विमान चालवणारा, दारू पिऊन आलेला किंवा घटना लपवणारा यांना या संरक्षणातून वगळावे, आणि उरलेल्या प्रत्येक नोंदीचा सारांश नावांशिवाय दर तीन महिन्यांनी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावा. कोणते वळण, दिवस की रात्र, दिवे चालू होते का, नकाशा कोणत्या तारखेचा, सूचना कोणत्या शब्दांत दिली गेली आणि त्यानंतर विमानतळाने काय बदलले, एवढे त्यात असले तरी पुरे.

असे आकडे जाहीर झाले तर लोक घाबरतील आणि विमानतळाची बदनामी होईल, अशी शंका आपल्या कार्यालयात कोणी काढील. आम्ही नवी मुंबईकर उलव्याच्या सुरुंगांच्या आवाजात वर्षानुवर्षे राहिलो आहोत; चार विमाने चुकीच्या वळणावर गेली आणि थांबवली गेली, हे वाचून आम्ही तिकिटे रद्द करणार नाही. या पत्राला आपण वेगळे उत्तर पाठवले नाही तरी चालेल. पहिल्या पावसाळ्यात नवी मुंबई विमानतळावर जमिनीवर घडलेल्या घटनांचा अहवाल दिवाळीपूर्वी मराठीत प्रसिद्ध झाला, तर तेच उत्तर समजेन.

कळावे.

आपला,
सेवानिवृत्त सिग्नल अभियंता,
नेरूळ, नवी मुंबई